लेकरू पाच महिन्यांचं, बाप पहिल्या दिवसाचा

आमच्या बेळगावातल्या गल्लीत सध्या एकच विषय आहे. कोपऱ्यावरच्या घरातली सून सहा महिन्यांचं पोर घेऊन माहेरी गेली ती परत यायचं नाव घेत नाही. नळाला पाणी आलं की घागरींच्या रांगेत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो पोरगी हट्टी, दुसरा म्हणतो सासू खोडीची. हीच दोघं वर्षा-दीड वर्षापूर्वी संध्याकाळी गाडीवरून किल्ला तलावाकडं फिरायला जायची, तेव्हा हीच गल्ली खिडकीतून बघून हसायची. परवा रांगेतल्या एका आजींनी निदान केलं, "मूल झालं की सगळं जुळतं म्हणतात. यांचं उलटंच कसं झालं म्हणते मी?"

आजी, उलटं काही झालेलं नाही. पुष्कळ घरांत असंच होतं, फक्त गल्लीपर्यंत येत नाही.

मूल झालं की जुळतं, हे कुणी सांगितलं?

१९५७ साली ई. ई. लेमास्टर्स नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं पहिलं मूल झालेल्या ४६ जोडप्यांशी सविस्तर बोलून बघितलं. ८३ टक्के जोडप्यांच्या बाबतीत निष्कर्ष निघाला की तो काळ त्यांच्यासाठी मोठ्या संकटाचा होता. हा आकडा फुगलेला आहे अशी टीका पुढं झाली, आणि ती बरोबरही असेल. पण नंतरचे अभ्यासही त्याच दिशेनं गेले. अमेरिकेतल्या सिएटलचे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या गटानं नवविवाहित जोडप्यांचा काही वर्षं पाठपुरावा केला. आई झालेल्या बायकांपैकी सुमारे ६७ टक्के जणींचं संसारातलं समाधान घसरलं होतं.

मग मूल न झालेली जोडपी सुखात असतात काय? तसंही नाही. २००९ साली २१८ जोडप्यांचा आठ वर्षांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मूल असो वा नसो, आठ वर्षांत घसरण साधारण सारखीच झालेली दिसली. फरक वेगाचा होता. मूल नसलेल्यांची गोडी हळूहळू ओसरली, मूल झालेल्यांची बाळ झाल्या झाल्या एकदम खाली आली. एक जण जिना उतरला, दुसऱ्याचा पाय पायरीवरून निसटला. खाली दोघंही आले, पण लागलं एकालाच.

आपल्याकडं भात लावणाऱ्यांना हे समजायला जड जाऊ नये. वाफ्यातलं रोप उपटून चिखलात लावलं की आठ-दहा दिवस पिवळं पडतं, माना टाकतं. म्हणून कुणी बियाण्याला शिव्या देत नाही. त्या दिवसांत पाण्याकडं जरा जास्त लक्ष ठेवायचं असतं, एवढंच.

ती सहाव्या आठवड्याला आई होते, तो कधी?

दोघांची घड्याळं सुरुवातीपासूनच वेगळी चालतात. तिला सहाव्या-सातव्या आठवड्यात मळमळ सुरू होते. फोडणीचा वास नको होतो, दुपारी डोळे मिटतात. प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही संप्रेरकं, म्हणजे रक्तातून निरोप पोचवणारी शरीरातली रसायनं, झपाट्यानं वाढत असतात. पोट दिसायच्या आधीच तिचं आयुष्य बदललेलं असतं. त्याच्यासाठी मात्र बाळ म्हणजे सोनोग्राफीच्या कागदावरचा एक करडा ठिपका. पहिलटकरणीला बाळाची हालचाल अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास कळू लागते. बाहेरून हात ठेवून त्याला कळायला आणखी वेळ लागतो.

त्यात आपल्याकडची व्यवस्था. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, त्या दिवशी कुठल्याही आरोग्य केंद्राबाहेर जाऊन बघा. आत बायकांची रांग, बाहेर झाडाखाली गाड्यांवर नवरे, कुणाच्या हातात फाईल तर कुणाच्या हातात मोबाईल. आत काय सांगितलं ते बायको येऊन सांगेल तेवढं. आणि बायको चंदगड-आजऱ्याकडची, म्हणजे महाराष्ट्रातली असेल तर तिच्या हातातलं कर्नाटक सरकारचं 'तायी कार्ड', गरोदरपणाच्या नोंदींचं, असतं कन्नडात. तायी म्हणजे आई. नवरा इथं शाळा शिकलेला, त्याला निदान थोडं कन्नड वाचता येतं. ते कार्ड तिला वाचून दाखवायचं एक साधं काम त्याच्याकडं आलं असतं. तेही आशाताई करतात, अर्ध्या मराठीत अर्ध्या कन्नडात.

माहेरची बाळंतीण

या लेखात मला मुख्य सांगायचं आहे ते इथं आहे.

परदेशातल्या अभ्यासांत नवरा-बायको बाळाला घेऊन एकाच घरात येतात आणि एकाच दिवशी अडाणी असतात. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरली की पोरगी जाते, ती बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर येते, कधी पाच महिन्यांचंही होतं. जोडप्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा बदल होतो तेव्हा जोडपं एका छपराखाली नसतंच.

माझंच सांगते. माझं माहेर चंदगड तालुक्यात, बेळगावहून गाडीवर जेमतेम सव्वा तास. शिनोळी ओलांडली की महाराष्ट्र. नवरा उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये, सुट्टी रविवारची. दर रविवारी तो कुंद्याचा पुडा घेऊन यायचा. सोप्यातल्या खुर्चीवर बसवून त्याला चहा दिला जायचा. मग न्हाऊ घातलेलं, तीट लावलेलं, दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ आतून 'दाखवायला' आणायचे. पाच मिनिटं मांडीवर. जरा ओठ वाकडे झाले की आई लगेच उचलून आत. जावयाच्या मांडीवर बाळानं रडायचं म्हणजे काय!

त्याच दिवसांत मी आत शिकत होते. दूध पाजल्यावर खांद्यावर कसं घ्यायचं, कुठलं रडणं भुकेचं आणि कुठलं पोटदुखीचं, नाळ गळून पडेपर्यंत काय जपायचं. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची टोचणी तिकडंच झाली. त्या रात्री अंग तापतं, पाय हलवला तरी बाळ किंचाळतं. अशा तीन रात्री मी आणि आईनं काढल्या. नवऱ्याला फोनवर कळलं, "इंजेक्शन झालं." कार्डंही दोन झाली, एक कर्नाटकातलं आणि एक महाराष्ट्रातलं. पुढच्या लसीला कुठलं न्यायचं ते मलाच ठाऊक.

पाच महिन्यांनी आम्ही परत आलो. पहिल्या रात्री एक वाजता बाळ रडायला लागलं. नवरा दचकून उठला आणि भट्टीतनं निघालेलं गरम कास्टिंग धरावं तसं दोन्ही हात लांब करून त्यानं बाळ उचललं. "का रडालंय? काय पाहिजे ह्याला?" मी फाडकन म्हटलं, "मला काय विचारतोस, बाप आहेस ना?" नंतर तो लंगोट बांधायला लागला, तर गाठ पोटाऐवजी कमरेच्या मागं. मी हातातनं ओढून घेतला. "सोड, मी करते."

हे 'सोड, मी करते' मी पुढचे चार महिने म्हणत राहिले. मग एक दिवस भांडताना ऐकवलं, "तू बाळाचं काही करतच नाहीस!" तो गप्प बसला. त्याच्याकडं उत्तर होतं, पण दिलं नाही.

कारखान्यातला हिशोब लावून बघा. दोन नवे कामगार. एकाला पाच महिने उस्तादाच्या हाताखाली मशीन शिकवलं, दुसऱ्याला तेवढे दिवस काचेपलीकडून दाखवलं. मग दोघांना एकाच पाळीत उभं केलं, आणि दुसऱ्याचा जॉब बिघडला की म्हणायचं, याला कामाची आवडच नाही.

माहेरपणाची पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही. ओल्या बाळंतिणीला विश्रांती, तेल-मालीश, अळीव, डिंकाचे लाडू, आईचा हात, हे जगात फार थोड्या बायकांना मिळतं. दोष एवढाच की ह्या शाळेत बापाला प्रवेश नाही.

शरीराचंही काही असेल ना?

असतं की. वार बाहेर पडली की नऊ महिने चढत गेलेली संप्रेरकं काही दिवसांतच धाडकन उतरतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कारण नसताना रडू येतं, ते बरंचसं ह्यामुळं.

बापाचं शरीरही दगडाचं नसतं. फिलिपाईन्समधल्या सेबू शहरात ६२४ तरुणांची तपासणी काही वर्षांच्या अंतरानं दोनदा झाली आणि २०११ साली निष्कर्ष छापून आले. मधल्या काळात जे बाप झाले, त्यांचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक इतरांपेक्षा जास्त उतरलं होतं. जे रोज तीन तास किंवा अधिक बाळाचं करत, त्यांचं सगळ्यात कमी. म्हणजे बाळ सांभाळणं 'बायकी' वगैरे काही नाही, हातात बाळ आलं की पुरुषाचं शरीरही त्या कामाला जुळवून घेतं. पण बाळ हातात यायला तर हवं!

मग झोप. नवजात बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांत. जर्मनीतल्या २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत आयांची झोप रोज सुमारे तासाभरानं आणि बापांची सुमारे पाव तासानं कमी झालेली आढळली. बायको माहेरी असलेल्या आपल्याकडच्या बापाच्या झोपेला तर तेव्हा धक्काही लागत नाही. एकाचा मेंदू ताजा, दुसऱ्याचा कित्येक महिन्यांचा उपाशी. 'मीठ कमी झालंय' हे साधं वाक्य रात्री नऊ वाजता तिच्या कानात टोमणा होऊन शिरतं.

कामाची यादी कुणाच्या डोक्यात?

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज २९९ मिनिटं जात होते, घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ९७. हा हिशोब घरकामाला हात लावणाऱ्यांपुरताच आहे, आणि तसे पुरुष मुळात चारात एक.

पण मिनिटांत न मोजता येणारं एक काम असतं. इंग्रजीत त्याला 'मेंटल लोड' म्हणतात, आपण डोक्यातलं ओझं म्हणू. दुपटी वाळली का, ढग आलेत तर आत घ्यायला हवीत, लस कधी, ताप मोजायचा थर्मामीटर कुठं ठेवला, मामींना (आमच्याकडं सासूबाईंना मामी म्हणतात) काजळ नको हे न दुखावता कसं सांगायचं. नवरा म्हणतो, "सांग की, करतो." प्रामाणिकपणे म्हणतो. पण सांगायचं म्हणजे यादी तिच्याच डोक्यात राहिली. सुपरवायझर तीच आणि कामगारही तीच.

इलाज मदत करण्यात नाही, खातं वाटून घेण्यात आहे. आमच्या घरी लसीचं खातं नवऱ्याकडं गेलं. तारीख, कार्ड, रांग, नंतरची तापाची रात्र, सगळं त्याच्याकडं. नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाच्या लसीला तो एकटा गेला. पहिल्यांदा दुसरंच कार्ड घेऊन गेला आणि परत आला. मी तोंड उघडलं नाही. फार अवघड गेलं.

अंथरुणाचं कुणी बोलत नाही

म्हणून भांडण भलत्याच गोष्टीवरून होतं. गरोदरपणात काही गुंतागुंत नसेल तर शरीरसंबंध चालतात, बाळाला धक्का बसत नाही. रक्तस्राव होत असेल, वार खाली असेल, पाणी गेलं असेल किंवा दिवस भरायच्या आधी कळा येण्याचा धोका असेल तर डॉक्टर मनाई करतात. हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यासारखाच आहे, त्यात लाजायचं कारण नाही.

बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत थांबायला सांगतात. पण त्या दिवशी गजर वाजतो आणि सगळं पूर्ववत होतं असं नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईचं इस्ट्रोजेन कमी असतं, योनीमार्ग कोरडा राहतो, दुखतं. टाके असतात. दिवसभर एक जीव अंगाला चिकटलेला असतो, रात्री आणखी कुणाचा हात नको वाटतो. नवऱ्याला वाटतं आपण नकोसे झालो. पाच महिन्यांच्या विरहानंतर तो आस लावून बसलेला असतो, आणि ती आस लावून बसलेली असते झोपेची. ह्यात प्रेम आटलंय असं काही नसतं.

एक धोक्याची सूचना. 'पाळी आली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत' हा समज कित्येक घरांत वर्षाच्या आत दुसरं पोर आणतो. पाळी परत यायच्या आधीच बीज सुटू शकतं. अंगावर पाजण्याचं संरक्षण खरं आहे, पण तीन अटींवर: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध आणि पाळी आलेली नाही. एक अट मोडली की भरवसा संपला. सरकारी दवाखान्यात दिवस जाऊ नयेत म्हणून 'छाया' गोळी आणि 'अंतरा' इंजेक्शन मोफत मिळतं, अंगावर पाजणाऱ्या बाईला कधी सुरू करायचं ते तिथं विचारून घ्यावं.

"आमच्या आईनं सहा पोरं वाढवली, तिला कुठं डिप्रेशन?"

हा आक्षेप हमखास येतो. तिला विचारलं होतं का कुणी? 'बाळंतपणात तिचं डोकं फिरलं', 'बाहेरचं लागलं', 'वात झाला' ह्या शब्दांआड किती आजार झाकले गेले असतील.

फरक सोपा आहे. पहिल्या आठवड्यातलं रडू दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढंही उदासी टिकली, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, बाळाकडं बघवत नाही किंवा त्याला काही होईल म्हणून जीव सारखा टांगलेला, मरणाचे विचार, तर तो प्रसूतीनंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला, त्यात हे प्रमाण २२ टक्के निघालं. पाचांतल्या एका बाळंतिणीहून जास्त. भास होणं, असंबद्ध बोलणं, बाळाला इजा करावीशी वाटणं हे दुर्मीळ, हजार बाळंतपणांत एक-दोन, पण तिथं सकाळची वाट बघायची नाही. त्याच घटकेला दवाखाना.

बापांनाही नैराश्य येतं. २०१० च्या एका मोठ्या आढाव्यात दहांतला सुमारे एक बाप त्यात सापडला, आणि सगळ्यात जास्त प्रमाण कधी? बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना. आपल्याकडं बायको माहेराहून परत येते तो हाच काळ. पुरुष रडत नाहीत, चिडतात. ओव्हरटाईम मागून घेतात, घरी उशिरा येतात, काही जण पितात. गल्ली म्हणते, बाप झाला तरी सुधारला नाही.

१४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या आजारांवर फोनवरून सल्ला देणाऱ्या सेवेचा, मोफत सरकारी नंबर आहे. दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं आणि कन्नडातही.

"हे सगळं परदेशी लोकांचं, आपल्याला काय त्याचं?"

थोडं खरं आहे. सेबू वेगळं, सिएटल वेगळं, आमचं बेळगावातलं वडगाव वेगळं. पण एक सांगते. २००२ ते २००५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बाळंतिणींवर एक अभ्यास झाला. बाळंतपणानंतरचा जास्तीचा रक्तस्राव टाळायला मिसोप्रोस्टॉलची गोळी चालते का, हे बघितलं गेलं. रक्तस्रावाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. २००६ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत छापून आला आणि जगभर त्याचा दाखला दिला जातो. आपल्या खेड्यातल्या बाईच्या शरीराबद्दलचा निष्कर्ष आफ्रिकेत चालतो, मग परक्या देशातल्या बाईच्या मनाबद्दलचा इथं अगदीच परका कसा?

"कामावर जायचं की लंगोट धुवायचे?"

हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. केंद्र सरकारी नोकराला पितृत्व रजा मिळते १५ दिवस, खासगी कारखान्यातल्या कामगाराला कायद्यानं एकही नाही. बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, तीही दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, पहिल्या दोन मुलांपुरती. शेतावर जाणारीला, मागावर बसणारीला कसली रजा?

पण गॉटमन यांच्या अभ्यासात ज्या ३३ टक्के बायकांचं समाधान टिकलं, त्यांचे नवरे रजेवर होते म्हणून ते टिकलं नव्हतं. बायकोच्या दिवसात काय चाललंय ह्याचा त्यांना पत्ता होता, आणि तिच्याबद्दलचं कौतुक ते बोलून दाखवत. त्याला रजा लागत नाही. रविवारी सासुरवाडीला गेल्यावर खुर्चीवर न बसता आत जाऊन बसलं तरी पुष्कळ.

माझ्या धाकट्या भावानं तेच केलं. त्याची सासुरवाडी चिकोडीकडची. बाळ वीस दिवसांचं असताना तो आठ दिवस रजा टाकून तिथं जाऊन राहिला. पहिले दोन दिवस घरात सगळ्यांनाच अवघडल्यासारखं झालं. जेवायला पाट, पाणी तापवून, टॉवेल हातात. तिसऱ्या रात्री बाळ रडायचं थांबेना तेव्हा तोच उठून आत गेला आणि सासूबाईंना म्हणाला, "मामी, तुम्ही झोपा, मी घेतो. नाही राहिलं तर उठवतो." बाळ काही राहिलं नाही, तासाभरानं उठवावंच लागलं. पण पाचव्या दिवसापासून ढेकर काढायचं काम त्याचं झालं.

सातव्या दिवशी शेजारच्या आजी बाळ बघायला आल्या. दारातनं बघतात तर जावई न्हाणीघरापाशी खाली बसून दुपटी पिळतोय. आजी पदर तोंडाला लावून सासूबाईंना हळूच म्हणाल्या, "काय गं, जावयाला कामाला लावलंस?"

"लावलं नाही," सासूबाई म्हणाल्या, "शिकालाय."